खोकल्याची वंशावळ

पूर्वजांनी आपल्यासाठी जे मागे ठेवलं, ते माणसानं ताठ मानेनं स्वीकारावं, यातच कुळाची शोभा असते. हे वाक्य मी अनेक भाषणांत ऐकलं आहे आणि एकदोनदा स्वतःही म्हटलं आहे. पण आमच्या समोरच्या पिठाच्या गिरणीत एका दुपारी पूर्वजांनी मागे ठेवलेला दमा वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा दोन्ही कुळांच्या ताठ माना एकमेकांकडे वळल्या आणि "तुमचा, तुमचा" असा आग्रह सुरू झाला. शेताची वाटणी होते तेव्हा लोक वीतभर बांधासाठी डोकी फोडतात. इथे जो तो आपला सगळा हिस्सा समोरच्याला द्यायला तयार होता. इतकं औदार्य आमच्या गावात मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी तिथे गेलो होतो गहू दळायला. सुगीचे दिवस होते. सकाळपासून कोरडा वारा सुटला होता आणि खळ्यांवरचा भुसा गावभर फिरत होता. तोंड उघडलं की दाताखाली कचकच. वावरं कापून झालेली, माती भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखी सुटून येत होती. अशा हवेत माझा गहू तेवढा ओला निघाला, हे माझं नशीब. कोठीच्या तळाचा होता.

गिरणीवाल्या म्हाताऱ्यानं माझ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठ वर काढली, एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज यायला हवा होता, तो आला नाही. मग त्यानं मूठ नाकाजवळ नेली.

"परत न्या."

"का?"

"ओल आहे. बुरशी धरायला लागलीय. वास येत नाही तुम्हाला?"

"नाही बुवा."

"पदवीधर ना तुम्ही? नाकालाही परीक्षेला बसवायचं होतं."

चाळीस वर्षांत म्हाताऱ्याच्या नाकानं एकही दमट पोतं सोडलं नव्हतं. पोतं दारात टेकवलं की तो आतून ओरडायचा, "तिथूनच फिरवा!" त्या नाकाला सगळं गाव मानायचं. मी मुकाट्यानं पोतं घरी नेलं, अंगणात चादरीवर गहू पसरला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली.

"ओ पदवीधर! गहू वाळेपर्यंत इकडे या. तुमच्या पदवीचं काम आहे."

गेलो तर गिरणी बंद. कामाच्या दिवशी, भर दुपारी, म्हाताऱ्यानं स्वतः खटका पाडला होता. पट्टा लोंबत होता आणि त्याच्याखाली पोत्यांवर दोन्ही घरं समोरासमोर बसली होती. या बाजूला म्हातारा आणि म्हातारी. त्या बाजूला त्यांची सून आणि सुनेचा भाऊ. भाऊ ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. म्हाताऱ्याचा मुलगा कुठल्या बाजूला बसावं ते न सुचून मधे उभा होता आणि पट्ट्यावरचं पीठ फडक्यानं पुसत होता. दारात मिस्त्रीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा. ट्रॉलीत सुनेची पत्र्याची पेटी चढलेली होती.

कारण होतं घरातली सात वर्षांची पोर. तिची छाती श्वासागणिक वाजायची, म्हणून शाळेतल्या पोरांनी तिचं नाव पिपाणी ठेवलं होतं. घरच्यांना आधी राग आला, मग सवय झाली. आता आजोबाही पिपाणी म्हणायचे, फक्त जरा प्रेमानं.

दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दम लागला. मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दोन्ही घरांत कुणाला दमा, सकाळच्या शिंका, अंगावर इसब, असलं काही होतं का? आठवून लिहून आणा." साधा प्रश्न होता. पण दवाखान्यापासून गिरणीपर्यंतच्या वाटेत त्याचा खटला झाला. म्हातारा म्हणाला, ज्याच्या बाजूला नावं जास्त, त्याचं बी खराब, आणि त्यानं ते चारचौघांत कबूल करायचं. सून म्हणाली, बी कुणाचंही असो, रोग या पिठाचा आहे. पोर मामाकडे आठ दिवस राहिली तर छाती वाजत नाही, इथे आली की दुसऱ्या दिवशी सुरू. आज काय ते ठरलं नाही तर मी तिला घेऊन जाते, आणि आठ दिवसांसाठी नाही.

म्हणून पेटी.

म्हातारीनं मला जुन्या कॅलेंडरचं पान दिलं. कोरी बाजू वर करून मी मधे रेघ मारली.

"डावीकडे आम्ही, उजवीकडे ते," म्हातारा म्हणाला.

"आम्ही उजवीकडे का?" मिस्त्री म्हणाला.

"बरं, तुम्ही डावीकडे."

"नको, असू दे. वाचताना पहिलं आमचंच नाव यायचं."

म्हातारीनं सुरुवात केली. "लिहा. हिच्या आईला रोज सकाळी शिंका. एका वेळी पंधरा. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी मोजल्या होत्या."

"मोजल्या होत्या तर तेव्हाच बोलायचं, आई," सून म्हणाली.

"मला वाटलं, बाई हौसेनं शिंकतेय."

"आणि तुमचे थोरले दीर? जन्मभर उशी मांडीवर घेऊन बसून झोपले. आडवं होता येत नव्हतं त्यांना."

"ध्यान करायचे ते."

"घोरत?"

मी दोन्ही लिहिलं. एकदा सुरुवात झाल्यावर माणसं भराभर निघू लागली. मेलेले चुलते निघाले, कुठे कुठे दिलेल्या आत्या निघाल्या. ज्यांचं नाव इतकी वर्षं कुणी काढलं नव्हतं, त्यांच्या छात्या त्या दुपारी एकेक करून वाजायला लागल्या. प्रत्येकाच्या बाजूनं सबब हजर होती. एकाचा खोकला विडीचा, दुसरीचा चुलीचा, तिसऱ्याचा स्वभावाचा.

"मिस्त्री, तुम्ही स्वतः?" म्हातारीनं विचारलं. "लहानपणी तुम्हाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळायचे म्हणे. हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही आम्हाला."

"होता मला. मिसरूड फुटली आणि गेला."

"गेला कुठे? आमच्याकडे आला!"

"मावशी, दमा म्हणजे काय एसटी आहे का, इथून निघून तिथे पोचायला?"

"मग यांच्या कोपराच्या खोबणीत काय आहे?" सुनेनं नवऱ्याकडे बोट केलं. "लग्न झाल्यापासून मलम मी लावतेय. इसब आहे ते. लिहा."

मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "ते ग्रीसनं होतं." आणि बाही खाली ओढली.

"ग्रीस तर दादाच्या हाताला रोज लागतं. त्याला नाही ते!"

मी लिहिलं. मोजलं. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. दोन्ही कुळं सारखीच भरली होती. मी ते सांगितलं तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही.

गिरणी बंद असल्यामुळे इतका वेळ आम्हाला एक आवाज ऐकू येत होता. एरवी यंत्राच्या घरघरीत तो बुडून जायचा. आतल्या खोलीतून बारीक शिट्टी येत होती, श्वासागणिक एक. पिपाणी आत होती. भुशाच्या वाऱ्यापासून जपायला खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि गिरणीकडच्या दारात दोन ओल्या गोण्या टांगलेल्या, एकीवर एक.

त्या गोण्या ही म्हाताऱ्याची युक्ती. पोरीला पहिल्यांदा दम लागला त्याच दिवशी त्यानं एक गोणी दारात टांगली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं, म्हणजे उडतं पीठ तिच्यावरच चिकटेल. आणि खरंच चिकटायचं. पोरीचं वाढलं तशी त्यानं दुसरी गोणी लावली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो स्वतः भिजवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. गुडघे दुखत असले तरी बादली त्याचीच. आजारी पडला तेव्हासुद्धा काठी टेकत उठला होता.

"पाच-पाच नाही," सून म्हणाली. "एक नाव राहिलंय."

"कुणाचं?"

"बाबांचं."

"माझं?" म्हातारा ताठ झाला, आणि नेमका त्याच वेळी त्याला ढास लागली. वाकून वाकून खोकला. डोळे पुसत वर बघून म्हणाला, "हा धंद्याचा खोकला आहे. लोहाराच्या हाताला घट्टे असतात तसा. घट्ट्याला कुणी रोग म्हणतं का?"

"लिहू?" मी विचारलं.

"लिहा की. आणि पुढचा गहू दळायला शेजारच्या गावी जा."

शेजारचं गाव लांब आहे. मी लिहिलं नाही.

"घाबरले!" मिस्त्री हसला. "दोन पायली पिठासाठी विकला गेला पदवीधर!"

"तुम्ही गप्प बसा हो पाहुणे. तुमच्या ट्रॅक्टरच्या धुरानं अर्ध्या गावाला खोकला लागलाय, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"थांबा," सून म्हणाली.

"का थांबू? माझ्या घरात मला—"

"बाबा, गप्प बसा!"

तिनं सासऱ्याला असं कधी म्हटलं नसावं. सगळे गप्प झाले. वारा पत्र्यावर भुसा आपटत होता. बाकी काही ऐकू येत नव्हतं.

"शिट्टी थांबली," सून म्हणाली.

"झोपली असेल," म्हातारी म्हणाली. "बरंच झालं."

सून तोवर आत पोचली होती. तिनं गोण्या झटकल्या तेव्हा त्यांतलं पाणी आमच्या अंगावर उडालं. पिपाणी झोपली नव्हती. खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. खांदे कानांपर्यंत वर आलेले, गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती, डोळे मोठे. छाती वाजत नव्हती, कारण वाजायला आत पुरेशी हवाच जात नव्हती. ओठांचा रंग मला आवडला नाही. एक माशी तिच्या कपाळावर बसली होती आणि ती उडवायलाही तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

"पंप!" सून ओरडली. "निळा पंप! इथे कोनाड्यात होता!"

तिच्या दम्याच्या औषधाचा पंप ठेवायचा कोनाडा रिकामा होता.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी तेवढी जमिनीकडे पाहत होती.

"आई?"

"गिऱ्हाईकं बघतात गं," म्हातारी पुटपुटली. "गिरणीवाल्याच्या घरात दम्याची पोर म्हटल्यावर पीठ कोण नेणार? सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलाय. नीट ठेवलाय."

डबा बिस्किटांचा, जुना, पत्र्याचा. झाकण गंजून बसलेलं. रोज म्हातारी ते रुपयानं उचकटायची. आज रुपया सापडेना. मुलानं नखं लावली, मिस्त्रीनं दात लावले. तेवढ्यात म्हातारा गिरणीत गेला आणि दळणाचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची हातोडी घेऊन आला. दोन घावांत डबा फुटला. सुया, बटणं, रिळं खोलीभर झाली, आणि पंप म्हातारीच्या पायाशी आला.

डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या बाटलीला भोक पाडून पंप बसवायला शिकवलं होतं. सुनेनं बाटलीचं तोंड पोरीच्या तोंडाला लावलं, पंप हलवला, दाबला. "घे बाळा, हळू. अजून एक घे. घाई नाही." तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. एक. थोडं थांबून दोन. तीन. चार. चौथ्यानंतर लांबून यावी तशी एक बारीक शिट्टी ऐकू आली. त्या आवाजानं त्या घरात कुणाला आनंद झाल्याची ती पहिलीच वेळ.

"ट्रॅक्टर!" म्हातारा ओरडला. मिस्त्री आधीच पळाला होता.

ट्रॉलीत पेटीला टेकून सून बसली, मांडीवर पोर. आम्ही बाकीचे कडांना धरून उभे. वाटेत अजून एकदा पंप द्यावा लागला. वारा समोरून येत होता, म्हणून म्हातारा पोरीच्या पुढे आडवा उभा राहिला आणि सगळा भुसा स्वतःच्या तोंडावर घेतला. खोकत होता, पण तोंड दुसरीकडे वळवून. हातोडी त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही.

दवाखान्यात पोरीच्या नाकातोंडावर वाफेच्या यंत्राचा मुखवटा लागला. अर्ध्या तासानं खांदे खाली आले. डॉक्टरीणबाई जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन करायला निघाल्या होत्या, त्यांनी फोन खाली ठेवला.

"पंप द्यायला उशीर का झाला?"

 मग म्हातारी म्हणाली, "मी लपवला होता. गिऱ्हाइकांमुळे."

"उद्यापासून गिरणीच्या दारात खिळ्याला टांगायचा. गिऱ्हाइकांना दिसला पाहिजे." एवढंच बोलून बाईंनी हात पुढे केला. "यादी?"

मी कॅलेंडरचं पान दिलं. आम्ही दोन तास ज्यासाठी पूर्वज उकरले होते, ते बाईंनी चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात वाचलं.

"दोन्हीकडून आहे."

"पण जास्त कुणाकडून?" म्हातारा म्हणाला.

"आजोबा, तुम्ही किती दिवसांपासून खोकताय?"

"हा धंद्याचा—"

"गिरणी बंद असते त्या दिवशी कमी होतो?"

म्हातारा विचारात पडला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, फक्त हट्टाची होती. "होतो. लेकीकडे चार दिवस गेलो की जातोच."

बाईंनी त्याच्या पाठीला नळी लावली. मोठा श्वास घ्यायला सांगितला. मी दाराशी होतो. म्हाताऱ्याच्या छातीत काय वाजलं ते मला नळीशिवाय ऐकू आलं. बाईंनी पेन काढलं आणि पानावर डावीकडे, खाली, एक ओळ लिहिली. सहा-पाच.

 मिस्त्रीनं तोंड उघडलं, सुनेनं त्याच्या पायावर पाय दिला.

"म्हणजे बी आमचं," म्हातारा म्हणाला.

"बी दोघांचं. पण नुसतं बी कोठीत पडून राहिलं तर उगवतं का? बाकी पण लागतं. पीठ आहे, भुसा आहे, धूर आहे, अजून काय काय—"

तेव्हा मुखवट्यातून आवाज आला. पिपाणीनं तो हातानं जरा वर उचलला होता.

"आजोबा, दुपारची गोणी भिजवली का?"

"कसली गोणी?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा त्या दुपारी पहिल्यांदाच उजळला. इथे त्याला सांगण्यासारखं काही होतं. "दारात टांगलीय. पीठ अडवायला. दोन पदरी. दिवसातून तीनदा मी स्वतः भिजवतो, एक दिवस चुकलेला नाही. दोन वर्षं झाली."

"त्याच गोण्या? दोन वर्षं?"

"त्याच. दणकट आहेत."

"वाळतात कधी?"

"वाळू देतच नाही की!"

"आणि खोलीच्या खिडक्या?"

"बंद. एक कण आत येत नाही."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. "भिंतीवर काही आलंय?"

"काळं आलंय," सून म्हणाली. "दाराच्या वर, आणि खाटेमागे. घासलं की जातं, आठ दिवसांत परत येतं. वासही येतो."

"कसला?"

सून उत्तर द्यायला वळली आणि थांबली. सगळ्यांच्या आधी म्हाताऱ्याला कळलं होतं. त्यानं अजून हातोडी धरली होती. ती त्यानं खाली बाकावर ठेवली, फार सावकाश, आवाज न करता. मग आपला उजवा हात नाकाजवळ नेला. त्या हातानं त्यानं सकाळची गोणी भिजवली होती आणि त्याच हातानं माझ्या गव्हाचा वास घेतला होता.

"बुरशीचा," तो म्हणाला.

सुनेनं पोरीचा मुखवटा परत नीट बसवला. 

"पीठ अडवायला पाहिजेच, आजोबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा उतरला होता. "तिथे घट्ट बसणारं लाकडी दार लावा. गिरणीतून आलात की कपडे बदलून, हातपाय धुऊन मग पोरीजवळ. गोण्या काढा. भिंत खरवडून काढा, पोर घरात नसताना. दुसरा एक पंप देते, तो रोजचा. बरी वाटली म्हणून बंद करायचा नाही. आणि तुम्हालाही एक."

"मला?"

"यादीत आहात."

परत निघताना पिपाणी आणि तिची आई ट्रॉलीतच बसून राहिल्या. पेटीही होती. मिस्त्रीनं आम्हाला गिरणीशी उतरवलं. म्हातारा खाली उभा राहून कडेला हात लावून म्हणाला, "आठ दिवसांत खोली कोरडी करतो."

"झाली की नाही ते कोण सांगणार?" सुनेनं विचारलं.

एरवी तो म्हणाला असता, माझं नाक आहे. तो म्हणाला, "तू ये आणि बघ. तू म्हणशील तेव्हा पोरीला आण."

सून म्हणाली, "नवव्या दिवशी येते मी. एकटी. पंप खिळ्याला दिसला पाहिजे, बाबा."

"दिसेल."

ट्रॅक्टर गेला. म्हातारा आत गेला आणि एकट्यानं गोण्या उतरवल्या. मुलानं हात लावायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला कोपरानं बाजूला सारलं. गोण्या इतक्या जड होत्या की एकेक करून ओढत आणाव्या लागल्या. सावलीला नको म्हणून त्यानं त्या रस्ता ओलांडून माझ्या कुंपणावर टाकल्या. आतली बाजू वर आली. ती काळपट हिरवी होती आणि तिच्यावर पांढरी लव होती.

माझा गहू तेवढ्या वेळात वाळला होता. म्हाताऱ्यानं जाता जाता एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला.

"आणा उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच कडक ऊन होतं आणि तसाच वारा होता. गोण्या वाळायला चार दिवस लागले.